एक खाट कमी

भांडण अगदी साधं होतं. शूटिंगच्या माणसांसाठी भाड्यानं घेतलेल्या घरात झोपणारे जास्त झाले आणि खाटा कमी पडल्या. जेवणं उरकल्यावर कॅमेऱ्याच्या दोघा पोरांनी आपापसात तोडगा काढला. एकाला पहाटे निघायचं होतं, दुसऱ्याला तसंही उशिरापर्यंत झोप येत नसे. अर्धी रात्र एकानं खाटेवर काढायची, मग उठून जागा दुसऱ्याला द्यायची.

"गादी एक आणि राजे दोन," एडिटिंगची ताई म्हणाली. "जुन्या काळी यावरून लढाया व्हायच्या."

सगळे हसले. बाहेर पायरीवर बसलेले दिवेकाका मात्र हसले नाहीत. दिवेकाका म्हणजे युनिटमधले सगळ्यांत जुने लाइटवाले. आता शिडीवर चढत नाहीत. खाली खुर्ची टाकून बसतात, नुसतं बोट दाखवतात, आणि दिवा बरोबर तिथंच लागतो.

"तसं नका करू," ते म्हणाले. "एकानं खाली सतरंजी टाका. पण एका खाटेवर आळीपाळीनं झोपू नका."

"का हो काका? गादीला दोघांचा घाम चालत नाही?"

"चेष्टा नंतर कर. आधी तो वरचा दिवा मालव, किडे पडतायत. आणि बसा इथं. माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. त्यानं मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं तेव्हा उठून गेला."

दिवा मालवला. समोरचा रस्ता मघाइतकाच रिकामा होता, फक्त आता जरा जवळ सरकल्यासारखा वाटला. दिवेकाका सांगू लागले.

त्या माणसाला सगळं युनिट मामा म्हणायचं. त्याची सख्खी भाची कधीमधी सेटवर यायची, ती त्याला मामा म्हणायची, म्हणून मग मेकअपवाल्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचाच तो मामा झाला. नवीन माणसं हसायची. मामा म्हटलं की पुढे 'बनवला' हा शब्द आपसूकच तोंडात येतो. तो रागवायचा नाही. म्हणायचा, "खुशाल बनवा. फक्त बूट घालून गादीवर चढू नका."

कारण गाद्या हेच त्याचं काम. तुम्हाला तो कार्यक्रम माहीत आहे. अनोळखी माणसं एका घरात कोंडायची, चारी बाजूंनी कॅमेरे लावायचे, आणि लोकांनी मतं देऊन आठवड्याला एकेकाला बाहेर काढायचं. त्या माणसांच्या राहण्याची सगळी व्यवस्था मामाकडे होती. खाटा, उशा, चादरी, कपबशा, टॉवेल, अंगाचा साबण. लोक टीव्हीवर भांडणं बघायचे आणि मामा बघायचा की उशीचा अभ्रा तीन दिवस बदललेला नाही. कोण कोणाशेजारी झोपणार हे मात्र तो ठरवत नसे. ते मॅडम ठरवायच्या, कार्यक्रमाच्या मुख्य. घोरणाऱ्या माणसाची खाट जागरणं करणाऱ्याच्या डोक्याशी लावा, असं त्या सांगायच्या, आणि मामा मान हलवून लावायचा.

ते घर म्हणजे घर नव्हतंच. एक जुनी लांबलचक शेड, तिच्या आत प्लायवूडच्या भिंती उभ्या केलेल्या. खिडकी एकही नाही. वर छताऐवजी दिवे आणि वायरी. आणि भिंतींवर सगळीकडे आरसे. आतून बघितलं तर आरसा, मागून बघितलं तर काच. त्या काचांच्या मागे घराला वळसा घालणारा एक काळोखा बोळ होता. कॅमेरावाले काळे कपडे घालून, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर त्या बोळातून फिरायचे. आतल्या माणसाला कधी कळायचं नाही की आपण केस विंचरतोय तेव्हा हातभर अंतरावर कोणीतरी उभं आहे.

डिसेंबरातला पहिला शनिवार होता. खरी माणसं घरात यायची होती सोमवारी. शनिवारी रात्री युनिटच्याच लोकांनी आत झोपून बघायचं, म्हणजे कुठला माइक वाजत नाही, कुठला कॅमेरा आंधळा आहे ते कळतं, अशी रीत. संध्याकाळी मॅडमनी मामाला बोलावलं.

"मामा, बेडरूममधली एक खाट काढा."

"कुठली काढू?"

"कुठलीही. माणसांपेक्षा एक खाट कमी पाहिजे. पहिल्या रात्री कोण कोणासाठी जमिनीवर झोपतं, ते लोकांना बघायचं असतं."

मामा मिस्त्रीला घेऊन आत गेला. मिस्त्री त्याच भागातला, पांढऱ्या मिशांचा माणूस. खाली बसून खाटेचे पाय सोडवता सोडवता तो म्हणाला, "तुमच्या मॅडमना वाटत असेल हे आपणच शोधून काढलं. खाटा कमी आणि माणसं जास्त. माझ्या बापानं याच शेडमध्ये अशी कैक वर्षं काढली."

"इथं राहायचे ते?"

"पलीकडे कारखाना होता ना. इथं कामगारांची झोपायची सोय. सोय कसली, एका खाटेला दोन माणसं. दिवसाचा कामगार आला की रात्रीचा उठणार, रात्रीचा आला की दिवसाचा उठणार. खाट म्हणे कधी गार व्हायची नाही."

"आणि एखादा उठलाच नाही तर?"

"हाक मारायची नाही, बाकीचे झोपलेले असतात. पायाला दोनदा थोपटायचं. दोनदा थोपटलं की माणूस झोपेतच उठायचा. पांघरुणाची घडी उशाशी ठेवायची आणि कामावर चालू लागायचं. सवय." मिस्त्रीनं ओठांत धरलेला स्क्रू काढून खिशात टाकला. "एकदा एक जण असाच थोपटल्यावर उठून गेला. मागाहून निरोप आला की त्याचा खाटेचा जोडीदार संध्याकाळीच मशीनमध्ये अडकून मेला होता."

"मग थोपटलं कोणी?"

"तेच तर."

"आणि उठून गेला त्याचं काय झालं?"

"तो गेला तो गेलाच. धरा तिकडून. जरा उचला, वजन तुमच्याकडे आहे."

दोघांनी खाट उचलून स्टोअरमधून बाहेर काढली. हे स्टोअर नीट लक्षात घ्या. कपाटाएवढी खोली, दोन माणसं उभी राहिली तर एकमेकांच्या पायावर. तिला दोन दारं. एक घरात उघडणारं, एक मागच्या बोळात. आतल्या लोकांनी साखर मागितली, पांघरूण मागितलं, की मामानं बोळातून ते स्टोअरमध्ये ठेवायचं, आपलं दार कुलूप लावून बंद करायचं, आणि मग बटण दाबायचं. तेव्हाच आतलं दार उघडणार. दोन्ही दारं एका वेळी उघडायची नाहीत. खेळ चालू असताना आतल्या माणसाला बाहेरचं काही दिसता कामा नये, हा त्या धंद्यातला सगळ्यांत मोठा नियम.

मेकअपच्या खोलीत भाची त्याची वाट बघत होती. त्या रात्री आत झोपणाऱ्यांत तीही होती. ती लहान असताना तिची आई गेली, तेव्हापासून ती मामा-मामीकडेच वाढली. दोन वर्षं ती या ना त्या ऑडिशनच्या रांगेत उभी राहत होती. आणि त्या आठवड्यात खऱ्या स्पर्धकांपैकी एका मुलीनं ऐनवेळी नकार दिला होता. तिच्या जागी कोणाला घ्यायचं ते मॅडम त्या रात्री बघून ठरवणार होत्या. हे मामाला माहीत होतं, भाचीलाही माहीत होतं.

"मामा, एक शब्द दे," ती म्हणाली. "आज मी रडले, ओरडले, तुला हाका मारल्या, तरी दार उघडायचं नाही."

"मी कशाला उघडतोय?"

"गेल्या वर्षी काय केलंस? नाचाच्या स्पर्धेत मला जरा चक्कर आली, तर तू थेट स्टेजवर. मला खांद्यावर टाकून बाहेर. गव्हाचं पोतं उचलावं तसं. परीक्षक म्हणत होते तिला पाणी द्या, ती करेल पुन्हा."

"तू पांढरी पडली होतीस."

"पावडर होती ती, मामा."

तो हसला. ती हसली नाही. "या वेळी नाही झालं तर मामी मला त्या औषधांच्या दुकानात बसवणार आहे. मी बसेनसुद्धा. पण आज तू मधे पडू नकोस."

"आणि आग लागली तर?"

"तर आधी मॅडमना विचार."

त्यानं शब्द दिला.

रात्री दहानंतर घराचं दार बंद झालं. मामा बोळात स्टोअरच्या दाराजवळ स्टूल टाकून बसला. कानाला हेडफोन. त्यात घरातलं बोलणंही ऐकू यायचं आणि कंट्रोल रूममधलंही. समोरच बेडरूमची काच. काचेपलीकडे ड्रायव्हर, लाइटची माणसं, मेकअपवाला, सगळे आपापल्या खाटा धरून बसले होते. शेवटी एक खाट उरली आणि दोघी उरल्या. भाची आणि हेअरवाली.

"मी खाली झोपणार नाही," हेअरवाली म्हणाली. "दिवसभर तुमची डोकी धरून उभी असते. कंबर राहिली नाही मला."

"मग मी झोपू का खाली?"

"झोप की. वय आहे तुझं."

कंट्रोल रूममध्ये कोणीतरी खुसखुसलं. भांडण पेटणार म्हणून सगळे सरसावून बसले होते. पण भाची जरा थांबली. आरशात बघून तिनं केस मागे घेतले. म्हणाली, "वाटून घेऊ. अर्धी रात्र मी झोपते, अर्धी तू. तोवर तू हॉलमध्ये सोफ्यावर पड. दोन वाजले की ये आणि मला उठव."

"आणि बाकीचे जागे झाले तर शिव्या कोणी खायच्या?"

"हाक नको मारूस. पायाला थोपट. दोनदा."

मामाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

मिस्त्रीचं बोलणं त्यानं तिला सांगितलेलं नव्हतं. कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

"हुशार आहे पोरगी," मॅडमचा आवाज कानात आला. "भांडण मिटवलं आणि खाटही मिळवली. मामा, ऐकताय ना? अर्धी आत गेलीच समजा."

"ऐकतोय मॅडम," मामा म्हणाला. हे ऐकून त्याला आनंद व्हायला हवा होता. त्यानं स्टूल जरा काचेजवळ ओढलं, पुन्हा मागे सरकवलं. उठून दोन फेऱ्या मारल्या. मोज्यांतल्या पावलांचा आवाज येत नव्हता, आणि तो येत नाही याचंच त्याला कसंतरी वाटलं. पुन्हा बसला.

"काका," पायरीवरची एडिटिंगची ताई मधेच म्हणाली, "योगायोग असेल. दोनदाच थोपटतो की आपण सगळे."

"असेल," दिवेकाका म्हणाले. "मामाही स्वतःला तेच सांगत होता."

दिवे मंद झाले. घरात रात्री एक तांबूस उजेड ठेवतात, कॅमेऱ्यांना पुरेल इतकाच. खोलीभर श्वासांचे आवाज. बोळातला कॅमेरावाला म्हणाला, आता वरचे कॅमेरे पुरे, मी पाय मोकळे करून येतो. तो गेला. बोळात मामा एकटा.

भाची पाठीवर झोपली होती. पांघरूण गळ्यापर्यंत, पायाशी जरा उंचवटा. मामा त्या उंचवट्याकडे बघत बसला. एकदा त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा त्याला वाटलं, कोणीतरी आत्ताच आपल्या मागून गेलं. बोळ अरुंद. मागून जायचं तर अंगाला घासूनच जावं लागतं. अंगाला काही लागलं नव्हतं.

हेडफोनमध्ये साउंडवाला हळूच म्हणाला, "दोन वाजले."

"हेअरवाली उठली का?" मॅडम.

"नाही. हॉलमध्ये सोफ्यावर घोरतेय."

"बघा आता कशी भांडतील सकाळी." मॅडम खूश होत्या.

मामा पांघरुणाकडे बघत होता.

पायाशी पांघरूण खाली दबलं. वर आलं.

पुन्हा दबलं. वर आलं.

खाटेजवळ कोणी नव्हतं.

"काका, एसीचा वारा..." कॅमेऱ्याचा एक पोरगा पुटपुटला.

"एसी बंद होता," दिवेकाका म्हणाले. आणि पुढे सांगू लागले.

भाची उठून बसली. डोळे मिटलेले की उघडे, त्या उजेडात कळत नव्हतं. तिनं पाय खाली सोडले. पांघरूण उचललं. कडेला कड जुळवून घडी केली. उशाशी ठेवली. घरी मामी तिला ओरडून ओरडून थकली होती, पण तिनं आयुष्यात कधी पांघरुणाची घडी केली नव्हती.

"उठली की," मॅडम म्हणाल्या. "स्वतःहून उठली. शब्दाची पक्की आहे. छान. कोणी आत जायचं नाही."

ती चालू लागली. हॉलकडे नाही. स्टोअरकडे.

मामा बघत होता खाटेकडे. गादीतलं त्याला कळायचं. फोमची गादी माणूस उठला की लगेच वर येत नाही, जरा वेळ घेते. ती गादी हळूहळू वर आली. सपाट झाली.

मग दबली.

आधी मधोमध, कोणी बसावं तशी. मग वर उशीपर्यंत. कोणी आडवं व्हावं तशी. उशीत खळगा पडला. उशाशी ठेवलेली घडी जरा बाजूला सरकली...



खट् आवाज झाला. त्याच्या शेजारीच. स्टोअरचं आतलं दार.

"मामा, तुम्ही बटण दाबलंत?"

"नाही, मॅडम."

"मग दार कसं उघडलं?"

मामानं खाली बघितलं. त्याचा हात बटणापासून लांब होता. दुसऱ्या हातात किल्ली होती. आतलं दार पुन्हा बंद झाल्याचा आवाज आला. आता भाची त्या कपाटाएवढ्या खोलीत होती, आणि त्याच्या आणि तिच्यामध्ये एक दार.

"स्टोअरमध्ये कॅमेरा नाही," मॅडम म्हणाल्या. "आवाज घ्या. तिच्या अंगावर माइक आहे ना?"

"आहे," साउंडवाला म्हणाला. मग त्यानं आवाज वाढवला. "मॅडम... काहीतरी येतंय."

"काय?"

"मशीनसारखं. एक नाही. पुष्कळ."

"जनरेटर असेल."

"नाही. पावलंही आहेत. माणसं चाललीयत... बरीच." तो थांबला. "ती लांब जातेय, मॅडम."

"स्टोअर केवढंसं. लांब कुठे जाणार?"



मामानं कुलपात किल्ली घातली.

"मामा." मॅडमनी त्याला बोळातल्या कॅमेऱ्यातून बघितलं असावं. "दार उघडलंत तर सगळी रात्र फुकट. मग तिच्यासाठी मलाही काही बोलता येणार नाही. मघाशी मी तिचं नाव नक्की केलंय. विचार करा."

त्यानं विचार केला. हीच तर चूक झाली, असं तो मला म्हणाला. स्टेजवर त्यानं विचार केला नव्हता. नुसता चढला होता.

त्याला तिची दोन वर्षं दिसली. रांगांमधली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलेली. औषधांचं दुकान दिसलं, आणि त्याच्या काउंटरमागे बसलेली ती, त्याच्याशी न बोलणारी. 'तू मधे पडू नकोस.' त्यानं शब्द दिला होता.

दाराला हात लावला. दार गरम होतं.

हेडफोनमध्ये, खूप लांबून...

"मामा."

ओरडली नाही. घरात मागच्या खोलीतून हाक मारावी, तशी. आहेस का, हे बघायला.

हाका मारल्या तरी उघडायचं नाही.

"मामा..."

आणखी लांबून.

मग नुसती मशीनं.

तो किती वेळ उभा राहिला? साउंडवाला म्हणतो, अर्धं मिनिट. मॅडम म्हणतात, तेवढाही नाही. मामा म्हणाला, "थोडाच." एवढंच म्हणाला, आणि नजर खाली.

मग त्यानं किल्ली फिरवली.

आत काळोख. तोंडावर गरम हवेचा झोत आला, भट्टीचं दार उघडल्यासारखा. तेलाचा वास. आणि स्टोअर रिकामं. साखरेचा डबा, टॉवेलची चवड, बस्स. आवाज थांबला होता. तिकडचं दार बंद.

त्यानं ते दार खांद्यानं उघडलं. दोन्ही दारं एका वेळी उघडी. कानात मॅडम काहीतरी बोलत होत्या. त्यानं हेडफोन काढून फेकला. बेडरूमचे दिवे लावले. माणसं धडपडून उठली. कोणी म्हणालं, काय झालं, कोणी म्हणालं, खेळाचा भाग आहे वाटतं.

ती खाट.

पांघरूण डोक्यावरून ओढलेलं होतं. आत माणूस होतं. कुशीवर, पाय पोटाशी घेतलेलं. श्वास चालला होता... जड. दमलेल्या माणसाचा.

मामाचा हात पुढे होईना. आत कोण असेल ते त्याला बघायचं नव्हतं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

त्यानं पांघरूण ओढलं.

भाची होती.

डोळे उघडे. ती त्याच्याकडे बघत राहिली, ओळख पटायला वेळ लागावा तशी. मग म्हणाली, अगदी शांतपणे, "किती उशीर केलास, मामा."

सगळे हसले. हेअरवाली डोळे चोळत दारात आली होती, ती म्हणाली, "झोपेत बडबडतेय. आणि माझी खाट कधी रिकामी होणार?"

बाकी रात्र कोणी झोपलं नाही. साउंडवाला गाडीत जाऊन बसला, परत कानाला काही लावेना. मॅडमनी मामाला चार शब्द सुनावले, पण त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनाही काहीतरी ऐकू आलं होतं, त्या ते बोलणार नव्हत्या. उजाडल्यावर त्या स्वतः बाहेर आल्या. भाची शेडच्या भिंतीला टेकून उभी होती.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "काल तुझ्या मामांनी गोंधळ घातला, तो तुझा दोष नाही. तू चांगली आहेस. सोमवारी सामान घेऊन ये. तुला आत घेतेय."

मामाला वाटलं, आता ही उडी मारेल. गळ्यात पडेल. मला माफ करेल.

भाचीनं मॅडमकडे बघितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी कुठेतरी भेटलेल्या बाईकडे बघावं तसं. नम्रपणे मान हलवली. काही विचारलं नाही.

मॅडम गेल्या. मामानं टपरीवरून चहा आणला. काचेचे ग्लास नुकते उकळत्या पाण्यातून काढलेले, चहा वाफाळता. मामा दोन्ही ग्लास काठाला बोटांच्या टोकांनी धरून, थांबत थांबत तिथवर आला.

"पोळेल. काठाला धर," तो म्हणाला.

तिनं ग्लास मुठीत घेतला. पूर्ण मुठीत. बोटं घट्ट मिटून. आणि तशीच उभी राहिली, थंडगार पाण्याचा पेला धरावा तशी.

"अगं, भाजेल हाताला..."

त्यानं ग्लास काढून घेतला आणि तिचा हात उलटा केला.

नखांना लावलेला गुलाबी रंग ताजा होता. आदल्या दुपारी मेकअपच्या खोलीत लावलेला. कुठेही टवका उडालेला नव्हता.

आणि तळव्यावर घट्टे होते. बोटांच्या मुळाशी, एका ओळीत. पिवळे, जाड, मधोमध चिरलेले. चिरांमध्ये काळं तेल मुरलेलं... धुऊन न जाणारं.

तसे घट्टे पडायला अर्धं आयुष्य जातं.